हात द्यायचा, की थोडं थांबायचं?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा: वडील ७६ वर्षांचे. आई गेल्यापासून लेकीकडे राहतात. रक्तदाबाची गोळी सोडली तर मोठं दुखणं नाही. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास फिरून येतात. पण वर्षभरापासून त्यांना सोफ्यावरून एकट्याने उठवत नाही. लेक समोर उभी राहते, दोन्ही हात धरते आणि त्यांना उठवते. दोन महिन्यांपूर्वी रात्री बाथरूमकडे जाताना ते पडले. हाड मोडलं नाही, पण घर घाबरलं. वरच्या मजल्यावरचं त्यांचं टेबल आणि पुस्तकं खाली आली, जिना बंद झाला. झाडांना पाणी घालणं, कपडे वाळत घालणं ही त्यांची कामं लेकीने स्वतःकडे घेतली. परगावी राहणारा भाऊ फोनवर बजावतो, "बाबांना काही करू देऊ नकोस. दिवसभराचा माणूस ठेव." लेकीला वाटतं त्यांनी थोडा व्यायाम करावा, पण या वयात काही भलतंच झालं तर, अशी धास्तीही वाटते. बाबा म्हणतात, "मी रोज चालतो की." लेक विचारते: वय झाल्यावर हे असंच व्हायचं का? माणूस ठेवू, की व्यायाम सुरू करू?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वय झाल्यावर स्नायू कमी होतात, हे खरं. तिशीनंतर ही घट अगदी हळू सुरू होते, साठीनंतर तिचा वेग वाढतो, आणि स्नायू जितका कमी होतो त्याहून ताकद जास्त वेगाने उतरते. १९८९ मध्ये अमेरिकेतले संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी या घटीला सार्कोपेनिया असं नाव दिलं, आणि आता वैद्यकशास्त्र तिला एक आजार म्हणून ओळखतं. पण बाबांना सोफ्यावरून उठवत नाही याचं सगळं खापर वयावर फोडता येणार नाही. त्यात वयाचा वाटा किती आणि स्नायूंना काम न मिळण्याचा वाटा किती, हे बाहेरून सांगता येत नाही. पण दुसऱ्या वाट्याचं काहीतरी करता येतं, आणि ते कुठल्याही वयात करता येतं.

हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. १९९० मध्ये बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचे, चांगल्यापैकी वजन उचलण्याचे व्यायाम दिले. सगळ्यात लहान व्यक्ती ८६ वर्षांची होती, सगळ्यात मोठी ९६. आठ आठवड्यांनी त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. आधी काठी घेऊन चालणारे दोघे काठीशिवाय चालू लागले. याच गटाने १९९४ मध्ये शंभर जणांवर पुन्हा प्रयोग केला, त्यांचं सरासरी वय ८७ होतं. तेव्हाही ताकद दुपटीहून वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. तुमचे बाबा या मंडळींहून दहा-पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि रोज स्वतःच्या पायांनी फिरून येतात.

आता बाबांचं म्हणणं घेऊ. "मी रोज चालतो की." त्यांचं बरोबर आहे, आणि ते फिरणं अजिबात सुटू देऊ नका. हृदयाला, रक्तदाबाला, झोपेला, मनाला ते हवंच. पण सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने चालायला मांडीच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो. खुर्चीतून उठताना मात्र सगळं शरीर एका दमात वर उचलायचं असतं. अशक्तपणा आलेल्या वयस्कर माणसाला हात न टेकता उठायचं तर मांडीच्या पुढच्या स्नायूंची जवळजवळ सगळी ताकद लावावी लागते. तरुण माणूस तेच काम निम्म्याहून कमी ताकदीत उरकतो, म्हणून त्याला ते काम वाटतच नाही. शिवाय स्नायूंमध्ये सावकाश काम करणारे आणि झटक्यात जोर लावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात, आणि वयाबरोबर झटक्याचे तंतू आधी बारीक होतात. उठायला, पायरी चढायला, तोल गेला तर पाऊल पटकन पुढे टाकून सावरायला तेच लागतात. चालताना त्यांच्यावर फारसा भार पडतच नाही. म्हणून रोज तासभर फिरणारी व्यक्तीही खोल सोफ्यात अडकून बसते.

आणि आता ते हात धरून उठवणं. हे वाचताना तुम्हाला थोडं लागेल, पण मला ते सांगायलाच हवं. तुम्ही समोर उभ्या राहता, दोन्ही हात धरता आणि ओढता तेव्हा नेमकं काय होतं ते पाहा. बाबांची पाठ सोफ्याला टेकलेली असते, पाय गुडघ्यांच्या पुढे असतात, आणि त्यांचं वजन मागेच राहतं. ते वजन तुमचे खांदे आणि तुमची कंबर उचलते. त्यांच्या मांड्यांना जागं व्हायची वेळच येत नाही. दिवसातून किती वेळा ते उठत असतील याचा अंदाज घ्या. तेवढ्या वेळा त्यांच्या पायांना मिळणारं काम तुम्ही, अगदी प्रेमाने, स्वतःकडे घेता. ओढताना हात सुटला तर दोघंही पडाल, त्यांच्या खांद्याला इजा होऊ शकते, आणि तुमची कंबर धरेल ती वेगळीच.

उद्यापासून एवढं करून बघा. त्यांना सोफ्याऐवजी टणक बैठकीची, हात असलेली खुर्ची द्या. ती भिंतीला टेकवून ठेवा, चाकं नकोत. बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेहून किंचित खालीच राहिले पाहिजेत. खुर्ची बुटकी असेल तर वर टणक उशी किंवा घडी केलेली सतरंजी घाला. मग त्यांना आधी बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकायला सांगा. पावलं मागे ओढून गुडघ्यांच्या किंचित मागे आणायची. छाती पुढे झुकवायची, इतकी की नाक पावलांच्या बोटांवर येईल. आणि मग तळव्यांनी जमीन दाबत उठायचं. पहिल्यांदा खुर्चीच्या हातांचा आधार घेऊ दे. तुम्ही समोर नको, बाजूला उभ्या राहा, हात जवळ असू दे पण धरू नका. बऱ्याच जणांचं अर्धं अडणं पाय पुढे ठेवून सरळ वर उठायच्या धडपडीत असतं. पाय मागे आणि अंग पुढे आलं की त्याच ताकदीत उठता येतं. त्यांना वेळ लागेल, आणि तेव्हा हात आपोआप पुढे जाईल. तो थोडा थांबवा.

बसणंही उठण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अंग टाकून धपकन बसू नये. तीन-चार आकडे मोजत, सावकाश, स्वतःला तोलत खाली यावं. सावकाश खाली येताना स्नायूवर चांगला भार पडतो, आणि जिना उतरायला लागणारी ताकद अशीच येते.

पण हे सगळं सुरू करण्याआधी एक काम राहिलं आहे. बाबा कशामुळे पडले, हे कुणी शोधलंय का? तुमच्या पत्रात हाड मोडलं नाही एवढंच आहे. हाड शाबूत निघालं की घराला हायसं वाटतं आणि कारण तसंच राहून जातं. रात्री अंथरुणातून झटकन उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर आली होती का? रक्तदाबाच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. झोपेची गोळी घेतात का? दिवा लावला होता का? चष्मा जुना झालाय का? सपाता सैल होत्या का? डॉक्टरांकडे घेऊन जा, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या, आणि आडवं असताना व उभं राहिल्यावर, दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. आणि ताकद वर्षभरात नव्हे तर काही आठवड्यांतच गेली असेल, वजन विनाकारण उतरत असेल, एकाच बाजूला अशक्तपणा असेल, पायांना बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवा. त्यामागे वेगळं दुखणं असू शकतं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की सुरुवातीला दोन-तीन वेळा तरी फिजिओथेरपिस्टला घरी बोलावा. बाबा कुठे अडतात ते त्यांना डोळ्यांनी दिसू द्या. त्याच वेळी एक साधी मोजणी करून घ्या: हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला किती सेकंद लागतात? आशियातल्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये १२ सेकंदांची रेघ ठरवली, तर युरोपातल्या गटाने १५ सेकंदांहून जास्त वेळ ही कमी ताकदीची खूण मानली. आज बाबांना हे एकदाही जमणार नाही कदाचित. मग हातांचा आधार घेऊन मोजा, आणि कसं मोजलं ते लिहून ठेवा. महिन्याने तसंच मोजाल तेव्हा बोलायला काहीतरी हातात असेल, तुमच्या भावाशीसुद्धा.

व्यायाम म्हटलं की लोक यंत्रं आणि व्यायामशाळा डोळ्यांसमोर आणतात. बाबांसाठी ती खुर्चीच पुरेशी आहे. सात-आठ वेळा उठायचं-बसायचं, दोन-तीन मिनिटं दम खायचा, आणि पुन्हा तेवढंच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, नाहीतर रक्तदाब एकदम चढतो. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, सावकाश खाली यायचं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कठडा धरून, एक पाय वर ठेवून चढायचं आणि उतरायचं. तोलासाठी ओट्याजवळ एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल ठेवून काही सेकंद उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांसाठी ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि तोल व ताकद दोन्हींवर भर देणाऱ्या हालचाली तीन दिवस सांगितल्या आहेत. बाबांचं फिरणं त्याशिवाय चालूच राहील.

इथे एक चूक फार घरांमध्ये होते, म्हणून जरा थांबते. वयस्कर माणसाला व्यायाम द्यायचा म्हणजे अगदी हलकाच द्यायचा, असं आपण धरून चालतो. बसल्या बसल्या हात हलवायचे, पाय हलवायचे, रोज तेच, महिनोन्‌महिने. त्याने सांधे मोकळे राहतात, मन रमतं, पण ताकद वाढत नाही. स्नायूला थोडं अवघड वाटलं पाहिजे. शेवटची दोन-तीन उठबस जड गेली पाहिजे, पण शेवटपर्यंत नीट जमली पाहिजे. दहा-बारा वेळा सहज जमायला लागलं की उशी काढा. मग खुर्चीच्या हातांचा आधार कमी करा. मग हात छातीवर. मग छातीशी एखादं जाड पुस्तक. भार हळूहळू वाढवत नेणं, यातच सगळी मेख आहे. बोस्टनच्या त्या मंडळींनाही हलकंफुलकं काही दिलं नव्हतं. आणि व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत त्यांची कमावलेली ताकद बरीच उतरली, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणून ही कायमची सवय म्हणूनच धरा.

इजेच्या धास्तीबद्दल. मांड्या एक-दोन दिवस दुखतील, तो दुखावा चालतो. गुडघ्याचा सांधा दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल किंवा सुजला असेल, तर पुढच्या वेळी खुर्ची उंच करा, संख्या कमी करा. पूर्ण बंद करू नका. झिजलेल्या गुडघ्यांनाही मांडीचे मजबूत स्नायू फायद्याचेच असतात. छातीत दुखलं, धाप अवाक्याबाहेर लागली, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. राहिला पडण्याचा धोका. तो शून्य होणार नाही, आणि तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही मला. पण बसवून ठेवल्याने तो कमी होत नाही, वाढत जातो. पडण्याची भीती बसली की माणूस हालचाल कमी करतो, त्याने पाय आणखी कमजोर होतात, आणि पुढच्या वेळी तोल सावरत नाही. याउलट तोल आणि ताकदीच्या व्यायामांनी घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी करून दिसलं आहे.

बसवून ठेवण्याची किंमत किती लवकर मोजावी लागते, तेही पाहा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. म्हणून बाबांना ताप आला, कुठे दाखल करावं लागलं, तर "आता पूर्ण आराम" हे वाक्य डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरात कुणी म्हणू नये. दिवसातून चार वेळा खुर्चीत बसणं, धरून का होईना उभं राहणं, तेवढं तरी चालू ठेवा.

खाण्याचं थोडक्यात सांगते. वयस्कर शरीराला स्नायू टिकवायला प्रथिनं तरुणांपेक्षा जास्त लागतात. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, असं साधारण तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. ती एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून द्यावीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण पावडरीच्या डब्यावर भिस्त ठेवू नका. १९९४ च्या त्या अभ्यासात काही जणांना व्यायामाशिवाय नुसतं पूरक पेय दिलं होतं, त्यांच्या ताकदीत काही फरक पडला नाही.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमचं पत्र मोठं आहे. त्यात तुमचं मत आहे, भावाचं मत आहे, शेजाऱ्यांनी काय सुचवलं तेही आहे. बाबांचं मात्र एकच वाक्य आहे, तेही बचावाचं. टेबल खाली आणण्याआधी त्यांना विचारलं होतं का? जिना बंद झाला तेव्हा ते काय म्हणाले? ज्या माणसाने आयुष्यभर आपली कामं आपण केली, त्याच्या हातातून झारी काढून घेतली तर तो "मी रोज चालतो की" असंच म्हणणार. ते वाक्य व्यायाम टाळण्यासाठी असेलच असं नाही. मला अजून जमतं, हे तो तुम्हाला सांगत असेल.

म्हणून सुरुवात व्यायामाच्या वेळापत्रकाने करू नका. शांत वेळ बघून त्यांना विचारा, "बाबा, काय पुन्हा करावंसं वाटतं?" वरच्या खोलीत जाऊन बसायचं असेल, तर तेच ध्येय. मग खालच्या पायरीवरची चढउतर कशासाठी आहे हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. पहिल्या आठवड्यात एक पायरी, मग दोन, मग दिवसातून एकदा तुम्ही सोबत असताना पूर्ण जिना. चढताना जो पाय बळकट आहे तो आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हात कठड्यावर. तुम्ही चढताना एक पायरी खाली, उतरताना एक पायरी पुढे राहायचं. झाडांना पाणी घालायचं काम आजच परत करा, झारी अर्धीच भरलेली असू दे. कपडे वाळत घालणंही परत द्या. हात वर नेणं, वाकणं, तोल सांभाळणं, सगळं त्यात येतं. आणि मोजणी-नोंदी त्यांच्या वहीत त्यांनीच लिहाव्यात. लेक शिक्षिका झाली की बाबा हट्टाला पेटतात, हे मला कितीतरी पत्रांतून कळलं आहे.

घरात काही बदल मात्र लगेच करा, यात चर्चा नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. बाथरूममध्ये संडासाशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे. टॉवेल अडकवायची दांडी त्या कामाची नाही, ती निखळते. सुटे पायपुसणे उचलून टाका. घरातही मागून बंद असलेली, न घसरणारी पादत्राणं. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मगच उभं राहायचं.

शिवाय त्यांना जमिनीवरून उठायला शिकवा. कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर टेकायचे, बळकट पायाचं पाऊल पुढे रोवायचं, जोर लावून वर यायचं आणि वळून बसायचं. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या देखत, जाड गादीवर. पडल्यावर कित्येकांना मार लागलेला नसतो, पण उठता येत नाही म्हणून ते तासन्‌तास तसेच पडून राहतात, आणि त्याचे परिणाम पडण्यापेक्षा वाईट होतात. हे एकदा जमलं की बाबांची भीती अर्ध्याने उतरेल. तुमचीही उतरेल. पुन्हा कधी पडलेच तर धावत जाऊन खेचून उठवू नका. कुठे दुखतंय ते आधी विचारा. कंबर किंवा मान दुखत असेल, पाय वाकडा दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर हलवू नका, मदत बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या.

भावाशी भांडू नका. लांब राहणाऱ्याला काळजी असते आणि करता काहीच येत नाही, मग तो फोनवरून बंदी घालतो. त्याला पुढच्या फोनला पाच उठबशींचे सेकंद सांगा, आजचे. महिन्याने पुन्हा सांगा. आला की बाबांसोबत जिना चढायचं काम त्याला द्या.

माणूस ठेवण्याचं विचारलंत. तुम्ही दिवसभर बाहेर असाल आणि बाबा एकटे असतील, किंवा तुम्हालाच उसंत मिळत नसेल, तर जरूर ठेवा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण घरी कुणी ना कुणी असेल तर तीन महिने थांबा आणि मग मोजणी बघून ठरवा. ठेवलात तर त्याला पहिल्याच दिवशी कामाची रीत सांगा: बाबांना स्वतःहून उठू द्यायचं, शर्टाची बटणं त्यांनाच लावू द्यायची, ग्लास हातात न देता टेबलावर ठेवायचा, आणि ते चालत असताना कमजोर बाजूला, किंचित मागे राहायचं. चांगली सांभाळणारी माणसं अंगमेहनतीला चुकत नाहीत, उलट जास्तच करतात. म्हणून काय करायचं नाही हे त्यांना आधी सांगावं लागतं, आणि ते बाबांच्या समोर सांगा.